थ्रीडी टच का गेला आणि त्याची ‘टक्’ का राहिली

मोबाइलच्या इंटरफेसवर काम करायला लागलेल्या कुणाला एकच प्रकरण मुळापासून वाचायला द्यायचं झालं तर मी थ्रीडी टचचं देईन, म्हणजे आयफोनच्या स्क्रीनवर बोट किती जोरात दाबलंय ते ओळखणारी ॲपलची सोय. सप्टेंबर २०१५ मध्ये आयफोन ६एससोबत हा आला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आयफोन ११ आला तेव्हा गेला, जेमतेम चार वर्षं. फ्लॉप झाला, विषय संपला, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या, एक म्हणजे बोटाचा दाब मोजणं आणि दुसरी म्हणजे त्या दाबाला बोटातच उत्तर देणं, त्यातली पहिली गेली आणि दुसरी आज जवळजवळ प्रत्येक जेश्चरखाली, म्हणजे बोटाने स्क्रीनवर करायच्या क्रियेखाली, जिवंत आहे, आणि असं का झालं हे समजलं की जेश्चर बनवताना आपण नेमके कुठे घसरतो तेही समजतं.

मी तटस्थ नाहीये हे आधीच सांगते. त्या काळात मी एका छोट्या नोट्स ॲपवर काम करत होते आणि लिस्टमधल्या नोटवर जोरात दाबलं की आत न शिरता झलक दिसावी हे मी फार हौसेने केलं होतं. आठवडे घातले त्यात. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते तिथे आहे हे कधी कळलंच नाही.

मशीन काय होतं

६एसच्या स्क्रीनच्या बॅकलाइटमध्ये कपॅसिटिव्ह सेन्सर बसवलेले होते. बोटाने दाबलं की वरची काच अगदी सूक्ष्म वाकते, डोळ्याला दिसणारही नाही इतकी, आणि काच आणि बॅकलाइट यांच्यामधलं अंतर जेवढं बदललं तेवढं हे सेन्सर मोजायचे. त्यावरून किती दाब आहे आणि कुठे आहे ते फोनला कळायचं. हे फुकट आलेलं नव्हतं. आयफोन ६ होता १२९ ग्रॅमचा, ६एस झाला १४३ ग्रॅमचा, आणि त्यातलं बरंचसं वजन स्क्रीनचं होतं. बॅटरी १८१० वरून १७१५ मिलिअँप-अवरवर आली. दाब मोजायचा म्हणून प्रत्येक फोनने आपल्या अंगावर एवढा भार घेतला होता हे पुढे हिशोब लावताना लक्षात ठेवायला लागतं.

दुसरा भाग म्हणजे टॅप्टिक इंजिन, ॲपलची लिनिअर प्रकारची व्हायब्रेशन मोटर. साध्या फोनमधली व्हायब्रेशन मोटर म्हणजे एका दांड्यावर एका बाजूला जड असलेलं वजन, ते गरागरा फिरतं म्हणून फोन थरथरतो, पण त्याला वेग घ्यायला वेळ लागतो आणि थांबायलाही वेळ लागतो, त्यामुळे बोटाला ‘घुर्रर्र’ असं काहीतरी लागतं आणि तेही उशिरा. लिनिअर प्रकारात वजन फिरत नाही, सरळ रेषेत पुढेमागे हलतं, त्यामुळे झटक्यात सुरू होतं आणि झटक्यात थांबतं. ॲपलने तेव्हा सांगितलं होतं की बाकी फोनच्या मोटरला पूर्ण जोरात यायला निदान १० आवर्तनं लागतात आणि टॅप्टिक इंजिनला एकच पुरतं. हलका ठोका १० मिलिसेकंदांचा, पूर्ण ठोका १५ मिलिसेकंदांचा. एवढ्या छोट्या ठोक्याला माणूस थरथर म्हणत नाही, टक् म्हणतो, आणि हाच सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे.

एका आयकॉनवर तीन अर्थ

आता खरी परिस्थिती. होम स्क्रीनवर एक आयकॉन आहे. त्याला नुसतं टेकवलं की ॲप उघडतं. त्यावर बोट धरून ठेवलं की सगळे आयकॉन थरथरायला लागतात आणि मग ॲप हलवता किंवा काढून टाकता येतं, ही सवय लोकांना आधीच्या कितीतरी वर्षांत लागलेली होती. आणि २०१५ पासून त्याच आयकॉनवर जोरात दाबलं की क्विक ॲक्शनचा छोटा मेनू निघायला लागला, कॅमेऱ्यावर दाबलं की सेल्फी, मेसेजवर दाबलं की नवीन मेसेज, असं.

टेकवणं, धरणं, दाबणं. कागदावर तीन वेगळ्या क्रिया आहेत. अंगठ्यात नाहीत.

कुणाला ॲप काढून टाकायचं असायचं तेव्हा तो माणूस आयकॉनवर बोट धरायचा, आणि धरताना आपण सगळेच थोडा जास्त जोर देतो, मुद्दाम नाही, ‘मी हे गंभीरपणे करतोय’ असं हाताने सांगायची ती पद्धत आहे, लिफ्टचं बटण पुन्हा जोरात दाबतो तसं. तर मेनू निघायचा. तो बंद करायचा, पुन्हा धरायचं, आता आणखी जोरात, कारण मघाशी नीट दाबलं गेलं नसेल असं वाटायचं, आणि पुन्हा मेनू. मी हे समोर बसून पाहिलंय आणि बघवत नाही, कारण त्या माणसाचं काही चुकलेलंच नसतं. फोन त्याला म्हणत असतो हळू धर, आणि हे सांगायची कुठलीही सोय त्या क्षणी स्क्रीनवर नसते.

उलट बाजूनेही तेच. ज्याला मेनू हवाय तो हलकेच दाबायचा, उंबरठा, म्हणजे मेनू निघायला लागणारा किमान जोर, गाठला जायचा नाही, तेवढ्यात वेळ भरून जायची आणि आयकॉन थरथरायला लागायचे. म्हणजे एका क्रियेचा उंबरठा वेळेचा होता, दुसरीचा दाबाचा, आणि दोन्हींची शर्यत एकाच बोटाखाली एकाच वेळी चालू. यातलं कोण जिंकणार हे बोटाच्या मालकाला आधी माहीत नाही. माझ्या मते थ्रीडी टचचा सगळ्यात मोठा दोष हाच होता, ‘लोकांना कळलंच नाही’ हा दोष त्याच्यानंतर येतो.

कळलं नाही हेही खरंच. दाबता येणारा आयकॉन आणि न दाबता येणारा आयकॉन अगदी सारखे दिसायचे. लिस्टमधली ओळ, लिंक, फोटो, कशावरच खूण नव्हती. मग शोधायचं कसं, तर प्रत्येक गोष्ट दाबून बघायची. आणि सुरुवातीला ज्या ॲपने क्विक ॲक्शन दिलेल्या नसायच्या त्यावर दाबलं की काय व्हायचं, फोन तीन छोटे ठोके द्यायचा, म्हणजे ‘इथे काही नाही’. मला तो तीन ठोक्यांचा नकार डिझाइन म्हणून आवडायचा, न बोलता नाही म्हणणं किती स्वच्छ होतं ते, पण विचार करा, नवीन माणसाने हौसेने पाच आयकॉन दाबून पाहिले आणि त्यातल्या चारांनी नाही म्हटलं तर सहावा तो दाबेल का. २०१६ मध्ये आयफोनची सिस्टिम आयओएस, तिची १० वी आवृत्ती आली तेव्हा ॲप स्टोअरवरून घेतलेल्या ॲपवर निदान ‘शेअर’ एवढा तरी पर्याय यायला लागला, म्हणजे ॲपललाही हे रिकामं दाबणं खटकलं असणार.

दाब हाताला मोजता का येत नाही

यावर कमी बोललं जातं म्हणून इथे जरा थांबते.

खऱ्या बटणावर बोट ठेवून हळूहळू जोर वाढवा. एका क्षणी बटण एकदम आत बसतं, म्हणजे तोपर्यंत वाढत असलेला विरोध अचानक कमी होतो आणि बोट थोडं पुढे जातं. मेंदूला जी खबर मिळते ती दाब किती होता याची नसते, ‘आता बसलं’ याची असते. कीबोर्डची की असो, रिमोटचं बटण असो, सगळ्यांचं हेच. काचेवर हे काहीच होत नाही. जोर वाढवत जा, बोटाचं टोक फक्त चपटं होत जातं, काच जागची हलल्याचं जाणवत नाही, आणि कुठे काही ‘बसत’ नाही. असा निव्वळ वाढता जोर अंदाजाने ठरावीक पातळीला नेऊन थांबवायचा म्हटलं तर माणसं त्यात फारच कच्ची असतात.

म्हणून टॅप्टिक इंजिनची टक् हवी होती. उंबरठा ओलांडल्या क्षणी तो १० मिलिसेकंदांचा ठोका मिळाला की मेंदूला ‘बसलं’ असं वाटतं, काच हललेली नसतानाही. बोटाच्या त्वचेखाली खोलवर पॅसिनियन कॉर्पसल नावाचे संवेदक असतात, ते साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या कंपनाला सर्वात जास्त दाद देतात, त्यामुळे तेवढ्या फ्रिक्वेन्सीचा अगदी बारीक धक्कासुद्धा ठळक लागतो. आणि ही फसवणूक किती पक्की असते ते बघायचं असेल तर आयफोन ७ बंद करून त्याचं होम बटण दाबावं. काही नाही, नुसती खाच. २०१६ च्या त्या बटणात हलणारा भागच नव्हता, दाबलं की टॅप्टिक इंजिन ठोका द्यायचं आणि आपल्याला वाटायचं बटण आत गेलं, ठोका किती जोराचा हवा याचे तीन पर्यायही सेटिंगमध्ये होते. त्याच्या आधी २०१५ च्या मार्चमध्ये मॅकबुकच्या ट्रॅकपॅडवर हेच केलेलं होतं.

मग होम बटणावर चाललं ते आयकॉनवर का नाही चाललं? बटण एकाच ठिकाणी आहे, त्याला एकच दाब आहे, आणि ते दाबायचं असतं हे सगळ्यांना आधीपासून माहीत आहे. ठोका फक्त ‘हो, झालं’ एवढंच सांगतो. आयकॉनच्या वेळी आपण ठोक्याकडून फार जास्त मागत होतो. ठोका उंबरठा *ओलांडल्यावर* येतो, उंबरठा कुठे आहे हे तो आधी सांगू शकत नाही. झलक आणि उघडणं, ज्याला ॲपल पीक आणि पॉप म्हणायचं, त्यात तर दोन उंबरठे होते, हलकं दाबलं की झलक आणि आणखी दाबलं की पूर्ण उघडणार. पहिल्यावर थांबायचं होतं आणि अंगठा दुसऱ्यावर गेला हे माझ्या ॲपमध्ये सतत व्हायचं, कारण पहिली टक् लागली म्हणून माणूस थांबेस्तोवर जोर पुढे गेलेला असायचा.

एक गोष्ट मात्र ॲपलने फार सुंदर केली होती. दाब वाढेल तसं मागचं चित्र हळूहळू धूसर होत जायचं, दाबाच्या प्रमाणात, जोर कमी केला की पुन्हा स्पष्ट. म्हणजे उंबरठ्याच्या *आधी* डोळ्यांना थोडी चाहूल मिळायची. ज्यांना हे कळलं त्यांचा हात लवकर बसला. पण ही चाहूलसुद्धा दाबायला सुरुवात केल्यावरच मिळणार, आणि अंगठ्याखाली निम्मं झाकलेलं असणार.

अंगठ्याचाच आणखी एक भाग. मोबाइल डिझाइनवर लिहिणारे स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये लोक फोन कसा धरतात याची १,३३३ निरीक्षणं मांडली होती, त्यात जे स्क्रीनला हात लावत होते त्यांच्यापैकी ४९ टक्के एकाच हाताने वापरत होते. एका हाताने धरलेल्या मोठ्या फोनवर वरच्या कोपऱ्यातल्या आयकॉनपर्यंत अंगठा ताणला की पोचतो, टेकवताही येतं, पण तिथे *जोर* द्यायचा म्हटलं की फोन हातात फिरायला लागतो, कारण खाली पकड आणि वर दाब. मग पकड बदलायची, मग दाबायचं. ज्या शॉर्टकटने वेळ वाचायचा त्याच्यासाठी हात बदलायला लागणार. आणि ज्यांच्या हाताला कंप आहे, सांधे दुखतात, त्यांच्यासाठी तर हे आणखी अवघड. ॲक्सेसिबिलिटीमध्ये, म्हणजे अशा अडचणी असणाऱ्यांसाठीच्या सेटिंगमध्ये, दाबाची संवेदनशीलता हलकी, मध्यम, घट्ट अशी निवडता यायची, चांगलंच होतं ते, पण ही सेटिंग आहे हे माहीत असायला आधी थ्रीडी टच आहे हे माहीत असायला हवं.

कुणाकडे होता, कुणाकडे नव्हता

हे थोडक्यात, कारण यात गुंतागुंत नाही, फक्त दुर्दैव आहे. ६एसमध्ये होता. २०१६ च्या आयफोन एसईमध्ये नव्हता. आयपॅडवर कधीच आला नाही. त्यामुळे कुठल्याही ॲपवाल्याला महत्त्वाचं काही यावर ठेवता येत नव्हतं, ॲपलच्या सूचनाही तशाच होत्या की झलक हा एखादी गोष्ट करायचा एकमेव मार्ग असू नये. बरोबर सूचना. पण तिचा परिणाम असा की जे काही यावर होतं ते सगळं ऐच्छिक, म्हणजे न शिकलं तरी काही अडत नाही, म्हणजे बहुतेकजण शिकत नाहीत. नोटिफिकेशनच्या यादीत एका क्रॉसवर जोरात दाबलं की ‘सगळं साफ करा’ यायचं, कित्येकांनी ते क्रॉस दिवसभर एकेक करून मिटवले.

आणि आम्हा बनवणाऱ्यांची एक वेगळीच अडचण. दाबाचा कच्चा आकडा आयओएस ९ पासून मिळायचा, साध्या स्पर्शाला १.० धरून वर चढत जाणारा. पण ठोका द्यायचं अधिकृत साधन आलं आयओएस १० मध्ये आणि ते चालायचं आयफोन ७ पासून पुढे. म्हणजे ६एसवर स्वतःचं दाबाचं जेश्चर बनवलं तर त्याला टक् देता येत नव्हती. दाब आहे, उत्तर नाही. मी एक असं बनवून पाहिलं होतं, नोटवर दाब वाढवत नेला की तिचा रंग बदलायचा, आणि वापरताना इतकं पोकळ वाटायचं की दोन दिवसांत काढून टाकलं.

गेला कसा

२०१८ मध्ये आयफोन एक्सआर आला, त्यात दाबाचे सेन्सर नव्हते. त्याऐवजी हॅप्टिक टच, म्हणजे बोट धरून ठेवायचं आणि ठरावीक वेळ झाली की टक्. सुरुवातीला लॉक स्क्रीनवरचा टॉर्च आणि कॅमेरा, कंट्रोल सेंटर अशा मोजक्या जागी. मग २०१९ मध्ये आयओएस १३ आलं आणि पीक-पॉपच्या जागी कॉन्टेक्स्ट मेनू आला, त्या त्या गोष्टीपुरत्या पर्यायांचा मेनू, जो सगळ्या आयफोनवर आणि आयपॅडवरही बोट धरून उघडतो. त्याच महिन्यात आयफोन ११ आणि ११ प्रो आले, दोन्हींत दाब नाही.

आणि आता ती आयकॉनवरची शर्यत बघा कशी सुटली. तीन अर्थांचे दोन झाले, टेकवणं आणि धरणं. धरलं की मेनू, त्याच मेनूत आयकॉन हलवायचा पर्याय, तसंच धरून ठेवलं की आयकॉन थरथरायला लागतात, आणि आयओएस १३.२ पासून ‘डिलीट ॲप’ मेनूतच. ज्या माणसाला ॲप काढायचं होतं आणि मेनू आडवा येत होता, त्याला आता मेनूतच ते सापडतं. जोर किती दिला याला काही किंमत उरली नाही. सेन्सर काढल्यामुळे हे झालं असं म्हणता येईल, पण खरं तर दोन उंबरठ्यांपैकी एक काढल्यामुळे झालं.

टक् मात्र राहिली, आणि तिचं काम सोपं झालं. वेळेचा उंबरठा माणसाला अंदाजाने गाठायचा नसतो, नुसतं थांबायचं असतं, आणि टक् म्हणजे ‘आता सोडलंस तरी चालेल’. ती मागून येत असली तरी बिघडत नाही, कारण जास्त वेळ धरलं म्हणून दुसरंच काही होण्याची घाई नसते. मी नोट्स ॲपमध्ये हे बदललं तेव्हा एकच गोष्ट जपली, ठोका आणि मेनूचं पहिलं हलणं एकाच क्षणी व्हायला हवं, त्यासाठी बोट टेकल्याबरोबर इंजिनला तयार राहायला सांगायचं, नाहीतर ठोका किंचित मागे राहतो आणि मग ते फोनने दिलेलं उत्तर न वाटता कुठूनतरी आलेला आवाज वाटतो. आणि लिस्टमध्ये प्रत्येक ओळीच्या उजवीकडे तीन ठिपक्यांचं बटण ठेवलं, तोच मेनू, दिसेल असा. तो बहुतेकजण वापरतात. मला तेव्हा ते कुरूप वाटलं होतं, आता वाटत नाही.

काय गेलं

वेग गेला. यात काही शंकाच नाही. दाबाला थांबायला लागत नव्हतं, मनात आलं की दाबलं की झालं, वेळेच्या उंबरठ्यात मात्र प्रत्येक वेळी थांबायचंच, कितीही सराव झाला तरी. सवय झालेल्याला जेश्चर अधिकाधिक वेगवान व्हायला हवं, आणि लाँग प्रेस, म्हणजे बोट धरून ठेवणं, कधीच होत नाही. कीबोर्डचं तर मला अजून वाईट वाटतं. थ्रीडी टच असताना कीबोर्डवर कुठेही दाबलं की तो ट्रॅकपॅड व्हायचा, अंगठा सरकवून कर्सर न्यायचा, आणि तिथेच पुन्हा दाबलं की शब्द सिलेक्ट. अंगठा न उचलता. आता स्पेसबारवर धरायचं, थांबायचं, मग सरकवायचं. काम होतं. पण लिहिता लिहिता हात थांबतो.

गूगलने हाच वेग दुसऱ्या वाटेने परत आणायचा प्रयत्न केला, आपल्या पिक्सेल ४ फोनवर, सेन्सर न घालता. जोरात दाबलं की बोटाचा ठसा काचेवर पसरतो, तो पसरण्याचा आकार मशीन लर्निंगने ओळखायचा आणि जोर दिसला तर लाँग प्रेस वेळेच्या आधीच चालू करायचा. यातला विचार मला फार योग्य वाटतो, कारण इथे दाबाला *वेगळा* अर्थ नाहीये. धरलं तरी तेच, दाबलं तरी तेच, दाबलं तर लवकर. ज्याला माहीत नाही त्याचं काही बिघडत नाही, आणि जो चुकून जोर देतो त्याला जे हवं होतं तेच मिळतं, जरा आधी. २०१५ मध्ये आयकॉनवरच्या मेनूला हीच रीत लावली असती, धरलं तरी मेनू आणि दाबलं तरी मेनू, तर माझ्या मते थ्रीडी टच जास्त टिकला असता. आयओएस १३ मध्ये जुन्या फोनवर तसंच झालं होतं, ज्यांच्याकडे सेन्सर होते त्यांना दाबून मेनू लवकर मिळायचा, पण तोवर नव्या फोनमधून सेन्सर गेलेले होते.

२०२४ च्या आयफोन १६ मध्ये कॅमेरा कंट्रोलच्या बटणात दाबाचा सेन्सर पुन्हा आला, हलकं दाबलं की एक, पूर्ण दाबलं की दुसरं. या वेळी दाब एका दिसणाऱ्या, खऱ्या बटणात आहे, बोटाला कुठे दाबायचं हे शोधावं लागत नाही. दोन उंबरठे मात्र तिथेही आहेत.

स्क्रीनवर उरलं ते वाट बघणं. त्याची वेळ ॲक्सेसिबिलिटीच्या टच सेटिंगमध्ये बदलता येते, आधी जलद आणि सावकाश असे दोनच पर्याय होते, आयओएस १७ पासून त्याहून जलद असा तिसरा आला. मी तो लावून ठेवलाय आणि नोट्स ॲपच्या मदत पानावर पहिल्या ओळीत त्याचा रस्ता लिहिलाय, कारण ‘मेनू उशिरा उघडतो’ ही तक्रार मला अजूनही येते आणि ती करणारे बहुतेक जुने ६एसवाले असतात.